ठोकळ्यांचं देऊळ

जळगावात रिंग रोडच्या बाजूला जे बंगले आहेत, तिथली मुलं मोठी झाली की त्यांची खेळणी आधी माळ्यावर जातात आणि मग भंगारात. संघमित्रा मॅडमनी ती मधल्या वाटेत अडवली. त्यांचं माहेर जळगावचं. दोन वर्षं, महिन्यातले दोन रविवार, त्या माहेरी जायच्या आणि तिथून दारोदार फिरायच्या. बेल वाजवायची, आपण मुक्ताईनगरकडच्या बोरखेड्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवतो हे सांगायचं, आणि विचारायचं, एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे घरात पडून आहेत का? कोणी दिले, कोणी जाळीच्या आडूनच नाही म्हटलं, एका बाईंनी चहा पाजला आणि ठोकळ्यांऐवजी जुन्या साड्या पुढे केल्या. साड्या तिथेच ठेवून मॅडम पुढच्या दारी गेल्या. घरच्यांना याची लाज वाटायची, मॅडमना नाही. स्वतःसाठी मागत होत्या थोड्याच.

शेवटी दोन पोती भरली. ठोकळे धुतले, गच्चीवर वाळवले आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर वर्गाच्या मधोमध ओतले. पोरं आधी घाबरली. शाळेत नवीन वस्तू आली की ती कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, हे पोरांना दुसरीतच कळलेलं असतं. मॅडम म्हणाल्या, घ्या. मग काय विचारता! आठवड्याभरात वर्गात गोठे उभे राहिले, ट्रॅक्टर झाले, विहिरी झाल्या. मॅडम त्या पसाऱ्यात मांडी घालून बसायच्या आणि एकच विचारायच्या, किती लागले? अजून किती लागतील? फळ्यावरच्या आकड्यांना जांभया देणारी पोरं गोठ्याला किती ठोकळे कमी पडतात हे मात्र बोटांवर मोजून मोजून काढायची. खेळ म्हणजे वेळ घालवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा असा गोठा बांधून बघावा.

एक कामिनी तेवढी ठोकळ्यांना हात लावत नव्हती.

कामिनीला घरात, गल्लीत आणि आधीच्या वर्गातही सगळे ‘ढ’ म्हणायचे, आणि ती ते नाव असावं तसं ऐकून घ्यायची. मोजायला सांगितलं की एकपासून सुरू करायची, एकोणतीसपर्यंत जायची आणि तिथं तिची गाडी रुतायची. मधेच कोणी खोकलं तरी पुन्हा एकपासून. इतर पोरं हसायची. मग ती मोजायचीच नाही.

तिच्या आजीनं, बेबाबाईनं, श्रावणात शाळेत येऊन स्पष्ट सांगून टाकलं. घरी तीन एकर केळी, त्यात मुलगा आणि सून दोघं दिवसभर. धाकटा नातू कुंदन दीड वर्षाचा, नुकते पाय फुटलेला, डोळा चुकवून थेट पाण्याच्या हौदाकडे धावणारा. त्याच्या मागे धावायचं कोणी?

“माह्या गुडघ्यात आता दम नही, बाई,” बेबाबाई म्हणाली. “पोरगी शिकून राह्यली असती तर मी काही म्हनली नसती. दोन वर्षं झाली, तिले तीस मोजता येत नही. मंग घरी राहून भावाले सांभाईन, तेवढंच काम व्हईन.”

बेबाबाई दुष्ट नव्हती. तिचं म्हणणं खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच मॅडमना जास्त राग आला. पण राग गिळून त्या म्हणाल्या, “अक्का, मला दिवाळीपर्यंत द्या. दिवाळीपर्यंत पोरीला हिशेब समजला नाही तर मी तुमच्या दारात यायची नाही.”

बेबाबाईनं विचार केला, पदर सावरला आणि शब्द दिला. दिवाळीपर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही.

मॅडमनी कामिनीला काही शिकवलं नाही. तिच्यापुढे ठोकळ्यांची टोपली ठेवली आणि रोज शेजारी बसून राहिल्या. नवव्या की दहाव्या दिवशी पोरीनं एक ठोकळा उचलून फरशीवर ठेवला. त्याच्यापासून वीतभर अंतरावर दुसरा. मग तिसरा. घर नाही, गोठा नाही, नुसती रांग. मॅडम बघत राहिल्या. रांग संपली तशी पोरीनं तिच्या शेजारी दुसरी रांग धरली, तेवढंच अंतर सोडून, आणि दोन रांगांच्या मधून बोट ओढत नेलं. ठिबकची नळी. ती बापाचा केळीचा मळा लावत होती.

त्या दिवसापासून सगळं मळ्यातच झालं. एका रांगेत दहा खोडं लावायची, असं मॅडमनी सुचवलं. किती खोडं झाली? पोर एकपासून मोजायची. पुन्हा विचारलं की पुन्हा एकपासून. गणपती आले, गेले. आणि एका दुपारी, तीन रांगा लावून झाल्यावर, मॅडमनी विचारायच्या आधीच कामिनी म्हणाली, “तीस. मोजायचं काय त्यात, दहा अन् दहा अन् दहा.”

मॅडम बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. डोळे पुसले आणि आत आल्या. ज्यांनी कधी कोणाला शिकवलं नाही त्यांना हे रडणं कळायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना चार दिवसांच्या प्रशिक्षणाला जळगावला जावं लागलं. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

चुडामण भाऊ हे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. धंदा ठिबकच्या फिटिंगचा. पंचक्रोशीतल्या निम्म्या मळ्यांतले पाईप त्यांनी जोडलेले. माणूस दिलदार, शाळेला पंखा दिलेला, पाण्याची टाकी दिलेली. त्यांना फक्त एक खटकायचं, की पोरं रोज काहीतरी बांधतात आणि घंटा झाली की मोडून टोपलीत टाकतात. काम दिसत नाही. त्यात बातमी आली की पुढच्या आठवड्यात तालुक्याचे साहेब शाळा बघायला येणार. भाऊंनी ठरवलं, मॅडमनी एवढी वणवण करून आणलेल्या ठोकळ्यांचं काहीतरी नाव झालं पाहिजे. आपल्या हाताखालचा माणूस घेतला, दोन दिवस वर्गात बसले आणि दोन्ही पोत्यांतले ठोकळे लावून मुक्ताईचं देऊळ उभं केलं. कंबरेएवढं. भिंती, शिखर, कळस, समोर सहा खांबांचा मंडप. छप्पर तिरकं होऊ नये म्हणून प्रत्येक खांब मोजून दहा ठोकळ्यांचा.

आणि कोणी मोडू नये म्हणून प्रत्येक ठोकळ्याला पाईप जोडायचं सोल्युशन लावलं.

खान्देशात सोल्युशनचा डबा नाही असं शेतकऱ्याचं घर नसेल. पाईपाला ते एकदा लागलं की पाईप फुटेल पण सांधा सुटणार नाही. ठोकळ्यांचंही तेच झालं. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत येईस्तोवर डबा संपला, म्हणून पायऱ्या तेवढ्या नुसत्या दाबून बसवलेल्या राहिल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात. इथं तर मारुतीही सुंदर झाला होता, हीच पंचाईत होती.

मॅडम परतल्या त्या दिवशी वर्गाच्या दारातच त्यांना तो वास आला. आत देऊळ होतं. त्यांनी एक ठोकळा ओढून पाहिला. हलला नाही. दुसरा ओढला. मग त्यांनी चुडामण भाऊंकडे पाहिलं. भाऊ शाबासकीची वाट बघत होते.

“पोरं रोज मोडतात, मॅडम,” भाऊ म्हणाले. “आता कोनाच्या बापाच्यानं मोडायचं नही.”

साहेब आले, त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, भाऊंची पाठ थोपटली आणि दिवाळीनंतर जळगावच्या प्रदर्शनात हे देऊळ पाठवा म्हणून सांगून गेले. मॅडमनी मधेच सांगायचा प्रयत्न केला की हे शिकायचं साहित्य होतं, आता ते बघायचं झालं आहे. मुख्याध्यापक सरांनी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. संध्याकाळी फोटो गावच्या ग्रुपवर आले.

एवढ्यावर भागलं असतं तरी मॅडमनी भाऊंशी भांडून देऊळ सोडवून घेतलं असतं. पण दुसऱ्या दिवशी गाव बघायला लोटलं. त्यात बेबाबाई आली. ती मुक्ताईची भोळी भक्त, महाशिवरात्रीच्या यात्रेला जाणं तिनं आयुष्यात चुकवलेलं नाही. तिनं देऊळ पाहिलं, हात जोडले, आणि घरी जाऊन हळदकुंकू आणि झेंडूची माळ घेऊन आली. कुंकू लागलं. माळ चढली. तिच्या मागून आणखी चौघीजणी आल्या. दोन दिवसांत तिथं उदबत्ती लागायला लागली आणि दुसरीचा वर्ग व्हरांड्यात बसायला लागला.

आता देवळाला हात कोण लावणार?

आपण लावू शकत नाही, हे मॅडमना नक्की माहीत होतं. त्या बौद्ध. गावात अठरा वर्षं नोकरी झाली होती, पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळली होती, बायका त्यांच्या डब्यात भाजी घालायच्या. तरी त्यांनी त्या देवळाचा एक ठोकळा जरी उचकटला असता, तर ठोकळा राहिला असता बाजूला आणि मॅडमची जात पुढे आली असती. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायची गरजच नव्हती. सुटी पायरीसुद्धा त्यांनी काढली नाही.

इकडे कामिनीची गाडी मागे सरकली. मॅडमनी खडे आणले, चिंचोके आणले, आगपेटीच्या काड्या आणल्या. चिंचोके घरंगळून जायचे, काड्या वाऱ्यानं उडायच्या आणि मळा काही लागायचा नाही. पोर पुन्हा एकपासून मोजायला लागली. दिवाळीला अठरा दिवस उरले होते.

मॅडम बेबाबाईच्या ओट्यावर गेल्या. शाळा सुटल्यावर, गाडी दारात लावून, चहा नको म्हणून आणि सरळ विषयाला हात घालून. देऊळ सोडवू द्या, म्हणाल्या. बेबाबाई केळीची सुकी पानं बांधत होती. तिनं ऐकलंच नाही असं केलं, आणि मग देवाधर्माच्या गोष्टीत पडू नये असं काहीसं पुटपुटली. मॅडम उठल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बेबाबाई चिडली.

“दिवायीचा शब्द तुम्हीच घेतला, बाई. मी मोडला नही. तुम्हीही मोडू नका.”

“शब्द मी ठोकळ्यांच्या भरवशावर दिला होता, अक्का,” मॅडम म्हणाल्या. “ते तुमच्या कुंकवाखाली अडकलेत. मी त्यांना हात लावणार नाही. का लावणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे.”

बेबाबाईनं मान वर केली. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्या दोघींमध्ये पहिल्यांदाच, तीही अर्धीच, बोलली गेली होती. बेबाबाईनं नजर खाली घातली.

“तुमच्या हातानं जे होईल ते माझ्या हातानं होणार नाही,” मॅडम पुढे म्हणाल्या. “पोरगी तीसवर आली होती. मी उद्याही येईन.”

कामिनी कुंदनला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. एवढा वेळ ती ऐकत असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तशी तिच्याकडून कोणाची कसलीच अपेक्षा नव्हती. ती पुढे आली आणि आजीच्या समोर बसली.

“आजी,” ती म्हणाली, “तू देवाले सांग ना. माह्या इटा दे म्हना. मी केळीचा मया लावून पुन्हा देईन.”

बेबाबाईनं हातातलं पान उगाच दोनदा दुमडलं. मॅडम गाडी काढून निघून गेल्या. मुक्ताईनगरला घरी जायचा रस्ता त्यांना त्या दिवशी फार लांब वाटला, कारण सांगण्यासारखं होतं तेवढं सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत पोचल्या तेव्हा वर्गाचं दार उघडं होतं. आत बेबाबाई पाटावर बसली होती, पुढ्यात ताट, ताटात अक्षता आणि साखर. मागे चुडामण भाऊ चेहरा पाडून उभे. भाऊ नात्यानं तिचे पुतणे, आणि काकूनं पहाटेच त्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवून आणलं होतं. येताना कापायची आरी घेऊन ये, असंही सांगितलं होतं.

गणपतीची उत्तरपूजा सगळ्यांनी पाहिलेली असते. अक्षता वाहायच्या, नैवेद्य दाखवायचा, मूर्ती जागेवरून किंचित हलवायची; मग देव गेला आणि राहिली ती माती. बेबाबाईला मंत्र येत नव्हते. तिनं देवळावर अक्षता वाहिल्या, साखर ठेवली आणि आपल्या शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

“आई, मी तुले येथे बसवली, मीच तुले उठवते. रागावू नको. तूही पोरगीच होती, अन् चांगदेवासारख्या म्हातार्‍याले शिकवून गेली. तुले काय सांगू?”

मग तिनं दोन्ही हात लावून देऊळ वीतभर सरकवलं. कपाळावरचा घाम पुसला आणि मॅडमकडे वळून म्हणाली, “आता ह्या नुसत्या इटा हायेत. लावा हात.”

मॅडमनी हात लावला. सगळ्यात आधी त्यांनी माळ उचलली आणि ती बेबाबाईच्या ताटात नीट ठेवली. मग पायऱ्या काढल्या. तीसएक सुटे ठोकळे निघाले. पुढचं काम आरीचं. जळगावचं प्रदर्शन हुकलं म्हणून भाऊ आरी चालवताना दर दोन मिनिटांनी उसासा टाकत होते, आणि मॅडमना त्यांचीही दया आली. मेहनत खरी होती आणि हौसही खरी होती. भिंतींचे ओबडधोबड तुकडे निघाले, शिखर काही वापरण्यासारखं राहिलं नाही. मंडपाचे सहा खांब मात्र छपरापासून आणि तळापासून कापून आख्खे निघाले. दहा दहा ठोकळ्यांचे, आणि चिकटून एकजीव झालेले.

कामिनी ते खांब हातात घेऊन बघत होती. एक आडवा ठेवला, शेजारी दुसरा, मधे वीतभर अंतर. रांग लावायचा त्रासच उरला नव्हता.

बेबाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. तिनं शाळा पाहिली नव्हती, पण विसा घालून हिशेब करण्यात गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं घसा खाकरला आणि थेट नातीला विचारलं. मॅडमना विचारावंसंही तिला वाटलं नाही.

“खालच्या तुकड्यात आपली त्रेचायीस खोडं होती. वावधानाच्या वाऱ्यात पाच पडली. किती राह्यली?”

एवढ्यापर्यंत मॅडमनी पोरीला कधी आणलंच नव्हतं. वजाबाकीला अजून हात घातला नव्हता. पण आता मधे पडणं म्हणजे पोरीला पुन्हा ‘ढ’ म्हणण्यासारखं झालं असतं. त्या गप्प राहिल्या, आणि गप्प राहायला त्यांना जेवढं बळ लागलं तेवढं त्या दारोदार फिरण्यालाही लागलं नव्हतं.

कामिनीनं चार खांब ठेवले. त्यांच्यापुढे तीन सुटे ठोकळे. मग पाच काढायला गेली. तीन काढले. अजून दोन हवे होते. तिनं एक खांब उचलून त्याचं टोक ओढलं. सुटेना. फरशीवर आपटला. सुटेना. दातांनी ओढून पाहिला. सोल्युशन ते, बत्तीस दातांना ऐकत नाही, तिचे तर पुढचे दोन पडलेले होते.

चुडामण भाऊ आरी घेऊन पुढे सरसावले. “आन इकडे, दोन कापून देतो.”

“नको, काका,” कामिनी म्हणाली. ती खांबाकडे बघत होती. तिची बोटं थोडा वेळ नुसती हवेत हलली. मग तिनं तो खांब उचलून बाजूच्या ढिगात परत ठेवून दिला, आणि पायऱ्यांच्या सुट्या ठोकळ्यांमधून एक एक करत दहा मोजून घेतले आणि त्याच्या जागी मांडले. त्यातले दोन काढले. उरलेले मोजले नाहीतच. फक्त आधी तीन खांबांवरून बोट फिरवलं आणि मग सुट्यांकडे बघितलं.

“तीस,” ती म्हणाली, “अन् आठ. अडतीस.”

हातच्याचा हिशेब मॅडम दरवर्षी फळ्यावर महिनाभर शिकवायच्या आणि तरी अर्ध्या वर्गाला कळायचा नाही. तो कामिनीनं न मोडणाऱ्या एका खांबाशी भांडून स्वतःच काढला होता. मॅडमनी बेबाबाईकडे पाहिलं.

बेबाबाईचं उत्तर कधीच तयार होतं, दोन विसांत दोन कमी. ती नातीकडे बघत राहिली, जणू कोणी परकी पोर समोर बसली आहे आणि तिचा चेहरा मात्र ओळखीचा आहे. मग भिंतीचा आधार घेत, एक गुडघा धरत, दुसऱ्यावर भार टाकत ती उठली. दाराशी कुंदन एक ठोकळा तोंडात घालून चोखत बसला होता. बेबाबाईनं तो काढून घेतला, पदरानं पुसून कामिनीच्या ढिगात टाकला आणि पोराला काखोटीला मारलं.

“पोरगं मी सांभायते,” ती मॅडमना म्हणाली. “गुडघे दुखतीन ते दुखतीन.”